हवालदारांची हाक

परवा वसतिगृहामागच्या विहिरीतला गाळ काढत होते. पाटी भरली की खाली उतरलेला माणूस ओरडायचा, "वड!" आणि वरचे दोघे दोर ओढायचे. मी खिडकीशी वाचत बसलो होतो. पहिली हाक आली तशा माझ्या दोन्ही मुठी आवळल्या गेल्या आणि पुस्तकाचं पान चुरगळलं. शेजारचा मित्र हसला. त्याला मी काही सांगितलं नाही. सांगायचं तर हवालदारांबद्दल सांगावं लागलं असतं, आणि ते मला बोलून नीट सांगता येत नाही. लिहून जमतं का बघतो.

हवालदार म्हणजे आमच्या साताऱ्याच्या कॉलेजातले कसरतीचे शिक्षक, यशवंत साळुंखे. खरं तर ते पलटणीतून नाईक म्हणून सुटले होते. नव्या मुलानं पहिल्यांदा "हवालदारसाहेब" म्हटलं की ते त्याला थांबवून सांगायचे, "नाईक म्हणून सुटलो मी. हवालदार गावानं केलं." एवढं एकदा सांगून झालं की मग त्यानं जन्मभर हवालदार म्हटलं तरी त्यांना चालायचं.

उंची बेताची, खांदे रुंद, कडक इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी आणि तपकिरी कॅनव्हासचे बूट. बूट दर रविवारी धुऊन कुंपणाच्या दोन खुंटांवर उलटे घातलेले असायचे. गोडोलीत त्यांच्या घरावरून जाताना खुंटांवर बूट दिसले की आज रविवार हे पक्कं. उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. पलटणीतर्फे बांबूउडी मारताना ती मोडली होती, आणि मुलांना ती दाखवताना त्यांचा चेहरा खुलायचा.

बांबूउडी हा त्यांचा जीव. बांबू ते स्वतः पाटणकडच्या डोंगरातून निवडून आणायचे. जाळावर शेकून सरळ करायचे, गाठी तासायचे, जवसाचं तेल चोळायचे आणि घराच्या पडवीत आडवा टांगून ठेवायचे. मैदानावर जमिनीवर ठेवलेला बांबू कुणी ओलांडला की ओरडायचे, "मानूस निजलाय तितं, दिसत न्हाई? वळसा घालून जा!"

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. उडीची आडवी काठी दोन खांबांवर ठेवली की मधे किंचित झुकते. बाकी सगळे खांबाशी मोजून मोकळे होतात. हवालदार पट्टी घेऊन मधोमध उभे राहायचे. "उडी मधनं मारनार, मग माप खांबाचं कसं? मधनंच घ्या," म्हणायचे. त्यात आमचाच अर्धा इंच जायचा. पोरं कुरकुरायची. ते म्हणायचे, "अर्ध्या इंचाचं खोटं बोलून कुटं जानार हाईस रं?"

हे वाक्य मी फार दिवस मनात ठेवलं होतं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती पायामुळे. मी कॉलेजात नवा होतो. आमचं गाव कराडच्या अलीकडं. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, सांगलीजवळ माधवनगरच्या कापडगिरणीत कामाला. घर छप्पन साली बौद्ध झालेलं. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे कुठं किती आत जायचं हे मी आधी चाचपून बघायचो. पहिल्याच आठवड्यात हवालदारांनी सगळ्या नव्या मुलांना मैदानावरच्या नळापाशी नेलं. नळाखाली पाय ओले करायचे आणि शेजारच्या शहाबादी फरशीवरून चालत जायचं. उमटलेले पाय हवालदार उकिडवे बसून बघत होते. माझ्या पावलांपाशी ते थांबले.

"ह्यो कुनाचा?"

"माझा, सर."

"नाव?"

"सुदाम."

"सुदामा, मधी पूल हाय बग तुज्या पायाला. खालनं पानी वाहून जाईल. ह्यो पाय उडतो." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आमच्या मारुतीचा पाय उमटला तर सगळाच्या सगळा उमटतो. भाकरी थापल्यागत."

मारुती हा त्यांचा एकुलता मुलगा. सपाट पायामुळे लष्कराच्या भरतीतून माघारी आला होता. आजा पलटणीत, बाप पलटणीत, आणि हा पंचविशीत घरी बसून. हवालदार त्याच्यावर कधी चिडायचे नाहीत. पण रोज एकदा तरी कुणाशी तरी बोलताना त्यांच्या तोंडून यायचं, "ह्येला कुटंतरी चिकटवला पायजे." जगातली त्यांची एवढी एकच काळजी होती, आणि ती सगळ्या कॉलेजला ठाऊक होती.

बांबूउडीसाठी त्यांनी दोघांना निवडलं, मला आणि विक्रमला. विक्रम कराडकडच्या बागायतदाराचा मुलगा. त्याचे मामा साखर कारखान्याचे संचालक आणि आमच्या कॉलेजच्या मंडळावरही. उडीनंतर ज्या खड्ड्यात पडायचं, त्यातला उसाचा भुसासुद्धा मामांच्या कारखान्यातून ट्रकनं यायचा. विक्रम मोकळा होता, हसरा होता. त्याच्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही.

पहिला दीड महिना हवालदारांनी आम्हाला बांबूला हात लावू दिला नाही. मैदानाच्या कडेला आंब्याच्या फांदीला दोर बांधला होता. पळत यायचं, दोर धरायचा आणि झोका घ्यायचा. नुसता झोका. "बांबूउडीत उडी न्हाईच," ते म्हणायचे. "हाय त्यो झोका. झोका ज्येला आला त्येला बांबू आपनहून वर नेतो. ज्येला न्हाई आला त्यो बांबूला वज्जं."

तेव्हा मला झोका म्हणजे लहान मुलांचं खेळणं वाटत होतं. पण तो शिकायला लागतो. जमीन सोडताना उजवा गुडघा पुढे जातो, आणि डावा पाय, ज्यानं जमीन सोडली तो, मागे लांब राहतो. त्यानं लांबच राहायचं असतं. गुडघ्यात मोडायचं नाही, पोटाशी घ्यायचं नाही. हात सरळ. सगळं अंग हातांना लोंबकळत मागून पुढे आणि पुढून वर येतं. ते पुरतं वर येईपर्यंत हात ओढायचा नाही.

"देवळातल्या घंटंचा लोळा बगितलास?" हवालदार म्हणाले. "त्यो गुडगा मोडतो व्हय? तसा पाय येऊ दे, मागनं, लांबडा."

देवळातली घंटा मी जवळून कधी पाहिली नव्हती. तसं मी बोललो नाही. कॉलेजची घंटा शिपाई वाजवायचा तेव्हा तिच्या लोळ्याकडे पाहत उभा राहायचो, आणि एकदा त्यापायी तासाला उशीर झाला.

दोरावर मला जमू लागलं. बांबू हातात आला आणि सगळं गेलं. बांबूचं टोक जमिनीतल्या पेटीत टेकलं, पाय सुटले, की माझे हात कोपरात मोडायचे. मी बांबूला छातीशी धरून बसायचो. बांबू मधेच अडायचा, मी घसरत खाली.

"सुदाम, अरे बांबू आहे तो, आई नव्हे तुझी!" विक्रम ओरडायचा, आणि मीही हसायचो.

एक दिवस संध्याकाळी हवालदारांनी मला घरी बोलावलं. ते पडवीत बांबूला तेल लावत बसले होते. मी दारातच टेकलो. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "उंबऱ्यावर बसून झोका येतो व्हय? आत ये." मी आत जाऊन चटईच्या कडेवर बसलो. काकूंनी चहा आणला. तीन कप, तिन्ही एकाच रंगाचे, निळ्या फुलांचे. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे हवालदारांनीही पाहिलं असावं, कारण ते एकदम मोठ्यानं बांबूबद्दल बोलायला लागले. त्या चहाची चव मी आजही सांगू शकतो. आलं जास्त होतं.

"तुजं काय हुतंय ठावं हाय का?" ते म्हणाले. "तू इचार करतोस. जिमीन सुटली की तुला वाटतं आता काय, आता काय, आन तू वडतोस. इचार करनारा मानूस लवकर वडतो. आता आसं करू. तू नुसता झुल. कवा वडायचं ते मी सांगतो. मी म्हनंपतुर हात मोडायचा न्हाई. भरवसा ठेव."

दुसऱ्या दिवसापासून ते पेटीशेजारी उभे राहू लागले. मी पळत यायचो, टोक टेकायचो, सुटायचो आणि लोंबकळायचो. कंबर हातांच्या पातळीला येऊन बांबू उभा होत आला की त्यांची हाक यायची, "वड!" छातीतून आलेली, आखूड, पलटणीच्या मैदानावरची हाक. त्या हाकेवर ओढलं की अंग असं वर जायचं की माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

तीन आठवड्यांत आठ फूट झाले. दिवाळीनंतर नऊ. मी विचार करणं सोडून दिलं. कधी ओढायचं हे माझ्याकडं नव्हतंच, ते त्यांच्याकडं होतं, आणि त्यात मला केवढी विश्रांती वाटायची. हाक ऐकायची आणि हात कोपरात मोडायचे, यांच्या मधे मी उरलोच नव्हतो. असं शिकणं चूक आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणारे तेच एक होते.

जानेवारीत सांगलीला विभागीय स्पर्धा होत्या. बांबूउडीत जो पहिला येईल तो विद्यापीठाच्या संघात जाणार होता. मी दादांना पत्र टाकलं. घरचं कुणीतरी मला उडताना पाहावं असं मला फार वाटत होतं, आणि संघात नाव लागलं तर ते दादांच्या देखत लागावं.

आम्ही एसटीनं निघालो. चौदा फुटांचा बांबू, दोन्ही टोकांना लाल फडकी बांधलेली. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट काढावं लागंल."

"काढतो की," हवालदार म्हणाले. "त्येला आधी बसायला जागा दे. खिडकीपाशी दे, त्येला वारा लागतो."

गाडी हसायला लागली. कंडक्टर वरमला आणि बांबू टपावर गेला. पण हवालदारांचा जीव वर. कराडला गाडी थांबली तशी ते शिडी चढून बांबूच्या गाठी बघून आले. उतरल्यावर मला म्हणाले, "निवांत हाय. झोपलाय." मग शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात ठेवून, "खा. पन पोटभर नगं."

मैदान कृष्णेच्या बाजूला होतं. दादा पाळी संपवून माधवनगरहून सायकलवर आले. डोक्यावर, भुवयांवर कापसाचे तंतू. गिरणीत मागांचा आवाज सोसावा म्हणून सगळे कामगार कानांत कापूस घालतात, आणि दादा तो काढायला नेहमी विसरतात. मी हवालदारांची ओळख करून दिली. हवालदार म्हणाले, "पोरगं लय गुनाचं हाय तुमचं." दादांना ऐकूच गेलं नाही. ते हात जोडून हसत राहिले आणि मग मैदानाला लावलेल्या दोराबाहेर गर्दीत जाऊन उभे राहिले.

तिथंही हवालदारांनी पंचांना काठीचं माप मधोमध घ्यायला लावलं. पंच वैतागले. मला अभिमान वाटला.

नऊ फुटांवर बाकीचे गळाले. नऊ फूट तीन इंच विक्रमनं पहिल्या उडीत काढले, मी दुसऱ्या. काठी नऊ फूट सहा इंचांवर गेली. विक्रमच्या तिन्ही उड्या फसल्या. माझ्या दोन फसल्या, एक राहिली. हिशोब सोपा होता. मी काठी ओलांडली तर मी पहिला. नाही ओलांडली तर आधीच्या उंचीवर कमी चुकलेला विक्रम पहिला. नऊ-सहा मी साताऱ्यात चार वेळा काढले होते, आणि चारही वेळा हवालदार पेटीशी उभे होते.

मी हातांना माती लावत होतो तेव्हा मांडवातल्या खुर्च्यांमधून विक्रमच्या मामांनी हवालदारांना हात केला. हवालदार पळतच गेले. मामा बसूनच बोलत होते, हसत होते. हवालदार वाकून ऐकत होते. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, आणि जे ऐकलं नाही ते मी लिहिणार नाही. हवालदार परत आले, पेटीशेजारी आपल्या जागेवर उभे राहिले, आणि त्यांनी दोन्ही हात चड्डीला पुसले. त्यांच्या हातांना काही लागलेलं नव्हतं.

मी पळालो. टोक बरोबर टेकलं. पाय सुटले. गुडघा पुढे, हात सरळ, डावा पाय मागे लांब. तो अजून मागेच होता, कंबर अजून खाली होती, लोळा अजून यायचा होता, आणि हाक आली.

"वड!"

माझ्या हातांनी ओढलं. ते चूक आहे हे मला हवेतच कळलं. पण हातांना माझं ऐकायची सवय नव्हती. बांबू अर्ध्यावर अडला, थांबला, आणि आला तसा मागे फिरला. मी खड्ड्यात नाही, धावपट्टीच्या कडक मातीवर पडलो. डावं मनगट अंगाखाली आलं. काठी वरती हललीसुद्धा नव्हती.

पडल्या पडल्या मी पाहिलं. हवालदार माझ्याकडे बघत नव्हते. ते खुर्च्यांकडे बघत होते. क्षणभरच. मग पळत माझ्याकडं आले, "लागलं का रं? लागलं का?"

दोर ओलांडून दादाही आले. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं आणि मोठ्यानं विचारलं, कापूस कानांत असल्यानं मोठ्यानंच, "मधीच हात का आवळलंस रं, लेकरा? चांगला झुलत हुतास की!"

त्यांनी हाक ऐकली नव्हती. फक्त पाहिलं होतं. मी म्हणालो, "चुकलं, दादा."

परतीच्या गाडीत हवालदारांनी मला खिडकीची जागा दिली. सांगलीच्या पेठेतून हळद आणून, ती गरम करवून, त्यांनी माझं मनगट स्वतःच्या हातानं बांधलं होतं. कराडला गाडी थांबली तेव्हा ते शिडी चढून बांबू बघायला गेले नाहीत.

मी स्वतःला समजावत होतो. माणूसच आहे, हाक थोडी इकडं तिकडं व्हायचीच. पाच महिन्यांत एकदाही झाली नव्हती, पण व्हायचीच. असे तीन आठवडे गेले. मग मारुती वसतिगृहावर आला. हातात पेढ्यांची पुडी, चेहरा फुललेला.

"चिकटलो बाबा एकदाचा! कारखान्यात, उसाच्या काट्यावर. बसून काम. पायाचा काय संबंधच न्हाई. आबा म्हनले, सुदामला पेढा दिऊन ये."

"कधी ठरलं?"

"लय झाले की दिवस. तुमच्या सांगलीच्या शर्यती झाल्या न्हवं का, त्याच दिवशी मामासायबांनी आबास्नी शब्द दिला. घे की पेढा!"

मी पेढा घेतला. त्याचा काय दोष?

त्याच संध्याकाळी मी गोडोलीला गेलो. खुंटांवर बूट वाळत होते. हवालदार पडवीत बांबूला तेल चोळत होते. या वेळी मी उंबऱ्यावर बसलो तर त्यांनी आत ये म्हटलं नाही.

वाटभर पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "हवालदार, सांगलीला हाक लवकर आली."

त्यांचा हात बांबूवर थांबला. ते नाही म्हणतील असं मला वाटत होतं. ते नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. तशी तयारी करूनच गेलो होतो.

"किती लवकर?" त्यांनी विचारलं.

"पाय मागंच होता माझा."

"आन तुला त्ये कळलं?"

"कळलं."

"मग वडलंस कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

ते तेलाचं फडकं पुन्हा फिरवू लागले आणि खालच्या मानेनं म्हणाले, "त्येच चुकलं तुजं."

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. निळ्या फुलांचा कप. मी उठलो. "बसा की, भाऊ," त्या म्हणाल्या. मी त्या घरात चहा न पिता पहिल्यांदाच निघालो, आणि त्या बिचाऱ्यांना वाटलं असेल की पोराला घाई आहे.

ते वाक्य मी खूप दिवस चघळलं. ते खरं होतं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. दुसऱ्याच्या हाकेवर ओढू नये, हे कुठल्याही शहाण्या शिक्षकानं सांगावं. पण ज्यानं मला हाकेवर ओढायला शिकवलं, भरवसा ठेव म्हणाला, त्यानंच ते सांगावं? अर्ध्या इंचाचं खोटं न बोलणारा माणूस. त्यांनी "माझा मारुती" एवढे दोनच शब्द उच्चारले असते तरी मी उंबऱ्यावरून आत गेलो असतो, असं मला अजून वाटतं. कदाचित नसतो गेलो. माहीत नाही.

उडी मी सोडली नाही. मनगट बरं झाल्यावर पहाटे एकटाच आंब्याच्या दोराला लोंबकळायला जाऊ लागलो. हाक नाही, कुणी नाही. पहिले कित्येक दिवस मी नुसता झुलत राहायचो, ओढायचं कधी हे कळायचंच नाही. मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. झोका पुरता वर आला की एका क्षणाला हातांवरचं वजन जातं. बोटं हलकी होतात. तेव्हाच ओढायचं. आजवर ते माझ्याच हातांत होतं आणि मी ते दुसऱ्याच्या तोंडातून ऐकत होतो.

पण मैदानावर हवालदार पेटीपाशी उभे असायचेच. ते त्यांचं काम होतं. हाकही द्यायचे, आणि ती अगदी बरोबर असायची. माझे हात ती ऐकायचे. मला ते नको असायचं तरी ऐकायचे. प्रत्येक उडीत मी वाट पाहायचो की आज लवकर येते का. हाक देऊ नका, असं त्यांना सांगायला मला वर्षभर जमलं नाही. आम्ही एकमेकांशी काठी, भुसा, वारा एवढंच बोलत होतो.

पुढच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. त्यामुळे स्पर्धा लांबल्या आणि फेब्रुवारीत पुन्हा सांगलीलाच झाल्या. विक्रम शिक्षण सोडून शेतीवर गेला होता. दादा या वेळीही सायकलवर आले, भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन. काठी नऊ फूट सहा इंचांवर गेली तसा मी दोरापाशी गेलो.

"दादा, कानातला कापूस द्या."

"आँ?"

मी हातानं कान दाखवला. "कापूस!"

त्यांनी दोन्ही बोळे काढून माझ्या हातावर ठेवले. कोमट होते. "गिरनीचा हाय, मळका," म्हणाले, आणि कशाला ते विचारलं नाही.

मी कानांत बोळे घातले. सगळं मैदान लांब गेलं. मी पळालो, टोक टेकलं, पाय सुटले. डोळ्याच्या कोपऱ्यात हवालदारांचं उघडं तोंड दिसलं. आवाज आला नाही. पाय मागून लांब आला, कंबर वर आली, बोटं हलकी झाली, आणि मी ओढलं. काठी माझ्या पोटाखालून गेली. बांबू मागे ढकलला आणि मी भुशात पडलो, पाठीवर, आकाशाकडं बघत.

हाक त्या वेळी बरोबर आली होती की लवकर, हे मला कधीच कळणार नाही.

उठून बसत मी एका कानातला बोळा काढला. बांबू उचलायला हवालदार पुढे आले होते. त्यांची नजर माझ्या तळहातावर गेली. कापूस त्यांनी पाहिला, मग माझा दुसरा कान पाहिला. बांबू त्यांच्या दोन्ही हातांत तसाच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मैदानावर शिस्तीत ताठ उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी आराम म्हणावं आणि त्याला कुठं जायचं ते सुचू नये, तसे ते दिसत होते. ते काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

काठी दहा फुटांवर गेली. सांगलीच्या एका मुलानं पहिल्याच उडीत दहा फूट काढले. माझी पहिली फसली, दोन राहिल्या, तेव्हा मी दुसराही बोळा काढून खिशात टाकला. एवढं तरी मी त्यांच्यासमोर करावं असं मला वाटलं. पण पेटीशेजारची जागा मोकळी होती.

त्या दोन्ही उड्या फसल्या. संघात तो मुलगा गेला. ती हार माझी होती, माझ्याच हातांची, आणि का कोण जाणे, ती घेऊन मला दादांसमोर सहज उभं राहता आलं. हवालदारांनी त्या जूनमध्ये नोकरी सोडली आणि ते मारुतीजवळ कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेले. नंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

हवालदार डोळ्यांसमोर राहिलेत ते माझ्या त्या शेवटच्या उडीच्या वेळचे. मी सुटलो, लोंबकळलो, आणि जुन्या सवयीनं, सगळं ठाऊक असून, हाकेची वाट पाहिली. आली नाही. खाली येताना ते मला दिसले. दोराच्या पलीकडे, गर्दीत, दादांच्या शेजारी उभे होते, आणि वाकड्या करंगळीची ती मूठ त्यांनी स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरली होती.